टोपीखाली माणूसच आहे कशावरून?

वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिले की रस्त्याने जाणारी माणसे दिसतात. निदान तसे आपण म्हणतो. नीट पाहिले तर दिसतात त्या नुसत्या टोप्या आणि कोट. त्यांच्या आत माणूसच आहे, किल्ली दिलेले यंत्र नाही, हे डोळे सांगत नाहीत. ते मन परस्पर ठरवून टाकते. हे उदाहरण १६४१ साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकातले आहे. लिहिणारा जन्माने फ्रेंच, राहायला हॉलंडमध्ये, शिक्षणाने वकील, काही काळ सैनिक. गणितात त्याच्या तोडीची माणसे त्या वेळच्या युरोपात बोटांवर मोजण्याइतकी. आणि छंद म्हणाल तर खाटकाकडून जनावरांचे अवयव आणून ते घरी चिरून पाहण्याचा. त्याचे नाव रने देकार्त. शाळेत आलेखाच्या कागदावर एक्स आणि वाय अक्ष आखणारा प्रत्येक विद्यार्थी त्याचेच देणे वापरत असतो.

आजूबाजूचे सगळे जग म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी उभा केलेला देखावा तर नाही ना, ही शंका माणसाला फार पूर्वीपासून छळत आली आहे. ग्रीसमधल्या संशयवाद्यांनी ती मांडली. आपल्याकडे दोरीच्या जागी साप दिसण्याचा दृष्टान्त तर कीर्तनातूनही ऐकायला मिळतो. देकार्तचे वेगळेपण असे की त्याने ही शंका मुद्दाम, ठरवून, तुटेपर्यंत ताणली आणि त्याच वेळी डोळा, मज्जातंतू आणि मेंदू हातात घेऊन हा देखावा नेमका कुठे आणि कसा तयार होतो, हेही शोधायला निघाला.

३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्सच्या तुरेन प्रांतातल्या ला ए या गावात त्याचा जन्म झाला. त्या गावाचे नावच आता देकार्त आहे. वडील न्यायसभेत अधिकारी, त्यामुळे बराच काळ परगावी. आई तो साधारण चौदा महिन्यांचा असताना पुढच्या बाळंतपणात गेली. ते मूलही वाचले नाही. मुलाला आजीने आणि दाईने वाढवले. पण देकार्त स्वतः हयातभर वेगळीच हकीकत सांगत राहिला. आपल्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई छातीच्या विकाराने गेली आणि तिच्याकडून आपल्याला कोरडा खोकला व फिकट रंग वारशाने मिळाला, असे त्याने पन्नाशीकडे झुकताना एका पत्रात लिहिले आहे. लहानपणी पाहिलेल्या एकूण एक डॉक्टरांनी हे मूल फार जगणार नाही असे सांगून टाकले होते, हेही त्याच पत्रात आहे. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाने घरातली ही गोष्ट मात्र कधी पडताळून पाहिलेली दिसत नाही.

ला फ्लेश इथल्या जेझुइट शाळेत तो दहा-अकराव्या वर्षी दाखल झाला. शिस्त कडक होती, पण प्रकृती तोळामासा म्हणून त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहण्याची सवलत मिळाली. ही सवय त्याने पुढे जवळजवळ शेवटपर्यंत सोडली नाही. जाग आल्यावर तो तासन्‌तास पडल्या पडल्या विचार करी आणि लिही. ज्याला झोप आणि जाग यांच्यातली सीमारेषा पुसट वाटली, तो माणूस आयुष्यातल्या बहुतेक सकाळी त्या सीमेवरच मुक्काम ठोकून होता.

१६१६ मध्ये प्वातिए इथून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. १६१८ मध्ये तो हॉलंडला मॉरिस ऑफ नासाऊच्या सैन्यात गेला. ब्रेडा गावी आयझॅक बेकमन या डच विद्वानाशी गाठ पडली आणि भौतिकातले प्रश्न गणिताने सोडवता येतात, ही गोडी त्याला तिथे लागली. त्या काळच्या टिपणवहीत त्याने लिहून ठेवले होते की चेहऱ्यावरची लाज दिसू नये म्हणून नट मुखवटा घालतात. जगाच्या ज्या रंगभूमीकडे आपण आजवर प्रेक्षक म्हणून पाहिले, तिच्यावर आता आपणही मुखवटा घालूनच पाऊल टाकणार आहोत. तेव्हा तो बाविशी-तेविशीचा होता. या वयात असे बरेच जण लिहितात. देकार्तने ते पाळले. पुढे राहत्या जागेचा पत्ताही तो फार जणांना कळू देत नसे.

१० नोव्हेंबर १६१९ ची रात्र त्याच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. दक्षिण जर्मनीत, शेगडीने उबदार केलेल्या एका खोलीत, त्याला लागोपाठ तीन स्वप्ने पडली. पहिल्यात सोसाट्याचा वारा त्याला गरगर फिरवत होता, सरळ उभे राहता येत नव्हते, आणि कुणीतरी त्याला दूरदेशीचे खरबूज देऊ पाहत होते. दुसऱ्यात वीज कोसळावी तसा कडाका झाला. दचकून डोळे उघडले तर खोलीभर ठिणग्या उडताना दिसल्या. असे याआधीही झाले असल्याचे त्याने नोंदवले होते. तिसऱ्यात एक कोश आणि एक कवितासंग्रह टेबलावर येत होता, नाहीसा होत होता. विशेष म्हणजे हे स्वप्न आहे की काही साक्षात्कार, असा प्रश्न त्याला झोपेतच पडला आणि झोपेतच त्याने स्वप्नाचा अर्थ लावायला सुरुवात केली. मूळ वही हरवली. आज जे ठाऊक आहे ते बाये या चरित्रकाराने १६९१ मध्ये दिलेल्या गोषवाऱ्यावरून. त्या आधारावर काही डॉक्टरांनी निदानेही केली आहेत. कुणी त्यात अर्धशिशी पाहिली. कुणी म्हणाले की हा झोपेच्या उंबरठ्यावर डोक्यात बार उडाल्यासारखा आवाज आणि कधी सोबत लख्ख उजेड जाणवण्याचा प्रकार असावा. हा अनुभव घाबरवणारा असला तरी निरुपद्रवी असतो. चारशे वर्षांनंतर, तेही दुसऱ्याच्या तोंडून ऐकून केलेले निदान कितपत मानायचे हा प्रश्न आहेच. देकार्तने मात्र त्या रात्रीचा अर्थ एकच लावला: सर्व ज्ञान पायापासून नव्याने उभारायचे, आणि ते आपण करायचे.

त्यासाठी निवांतपणा हवा होता. १६२८ च्या अखेरीस तो हॉलंडला गेला आणि पुढची वीस वर्षे तिथेच राहिला, अनेकदा घरे बदलत. ॲमस्टरडॅममधल्या एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जाई, जनावरे कापताना पाही आणि हवे ते अवयव सवडीने चिरण्यासाठी घरी मागवी. माणसाच्या शरीराविषयीचा एक ग्रंथ त्यातून तयार होत होता. त्यात त्याने सां-जेर्मँच्या राजउद्यानातल्या कारंज्यांचे उदाहरण घेतले आहे. तिथल्या कृत्रिम गुहांत पाण्याच्या जोरावर हलणारे पुतळे होते. पाहुणा नकळत एखाद्या फरशीवर पाय देई आणि आंघोळ करणारी डायना देवी वेतांच्या झुडपात लपे. तो आणखी पुढे सरसावला की त्रिशूळ उगारून नेपच्यून समोर येई. पाहुण्याला वाटे, पुतळ्याने आपल्याला पाहिले. खरे तर त्याच्याच पावलाने कळ दाबली होती. देकार्त म्हणे, शरीर असेच चालते. मज्जातंतू म्हणजे नळ, त्यांतून वाहणारा सूक्ष्म द्रव म्हणजे पाणी. विस्तवाजवळ गेलेला पाय झटकन मागे येतो, त्यासाठी कुणी आत बसून हुकूम सोडावा लागत नाही. तपशील आज टिकत नाहीत; नसा पोकळ नळ्या नाहीत, त्यांत विजेचे आणि रसायनांचे संकेत धावतात. पण प्रतिक्षिप्त क्रियेच्या कल्पनेकडे जाणारी वाट या उद्यानातून जाते.

१६३३ मध्ये हे सगळे छापायच्या बेतात असताना रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची बातमी आली. देकार्तच्याही पुस्तकात पृथ्वी फिरत होती. त्याने हस्तलिखित बासनात बांधून ठेवले. ते उघडले गेले त्याच्या मृत्यूनंतर.

दृष्टीवरचे काम मात्र १६३७ मध्ये प्रसिद्ध झाले. नुकत्याच मेलेल्या बैलाचा डोळा घ्यायचा, मागच्या बाजूची आवरणे अलगद सोलायची, तिथे पातळ कागद किंवा अंड्याचे टरफल लावायचे आणि काळोख्या खोलीच्या खिडकीतल्या भोकात तो डोळा बसवायचा. बाहेरचे दृश्य त्या पडद्यावर उमटते: लहानसे आणि उलटे. दृष्टिपटलावरची प्रतिमा उलटी असते हे केप्लरने १६०४ मध्येच गणिताने दाखवले होते. देकार्तचा पुढचा प्रश्न अधिक खोल होता. ही उलटी प्रतिमा आत कोण पाहते? मेंदूत आणखी एक डोळ्यांची जोडी बसलेली नाही. तेव्हा आत जाते ते चित्र नव्हे, खुणा जातात. आणि खूण मूळ वस्तूसारखी दिसलीच पाहिजे असे नाही. आंधळा काठीच्या टोकाने दगड, वाळू, चिखल ओळखतो, पण काठीतून दगड वर चढत नाही. कोरीव ठशाच्या चित्रात कागदावर शाईच्या चार रेघा असतात आणि आपल्याला अरण्य, शहर, लढाई दिसते. गोल ताटली दाखवायची तर चित्रकार लंबगोल काढतो, आणि तेव्हाच ती गोल वाटते. थोडक्यात, मेंदूला जगाची गाठभेट कधीच होत नाही, नुसता पत्रव्यवहार होतो. आजचे मेंदूविज्ञानही मुळात हेच सांगते. आणि जिथे सगळा कारभार पत्रांवर चालतो, तिथे खोटे पत्र येऊ शकते, ही शंका फार दूर नसते.

या वर्षांत त्याच्या घरात एक लहान मुलगी होती. ॲमस्टरडॅमला तो ज्या घरी उतरला होता, तिथे काम करणाऱ्या हेलेना या बाईपासून १६३५ मध्ये त्याला फ्रान्सीन नावाची मुलगी झाली. लग्न झाले नव्हते. त्याच्या एका पत्रात सोबत राहायला येणाऱ्या भाचीचा उल्लेख आहे. ती भाची म्हणजे फ्रान्सीनच, असे अभ्यासक मानतात. शिक्षणासाठी तिला फ्रान्सला पाठवण्याची तजवीज चालू असताना सप्टेंबर १६४० मध्ये ती स्कार्लेट फीवरने गेली. पाच वर्षांची होती. प्रतिजैविके यायला अजून तीनशे वर्षे होती. आज या तापावर पेनिसिलिनचा साधा कोर्स पुरतो. आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख म्हणून तो या मृत्यूबद्दल बोलत असे, असे बाये लिहितो. त्याच शरद ऋतूत वडीलही गेले. काही महिन्यांनी भावाच्या मृत्यूने खचलेल्या एका मित्राला त्याने कळवले की रडणे हे फक्त बायकांचे काम, असे मानणाऱ्यांतला आपण नाही. पुढे कुणीतरी कथा रचली, की देकार्त मुलीसारखी दिसणारी यांत्रिक बाहुली पेटीत घेऊन जहाजाने प्रवास करत होता आणि भेदरलेल्या खलाशांनी ती समुद्रात फेकली. या कथेला समकालीन पुरावा काही नाही. ज्याला माणसाचे शरीर यंत्र वाटते त्याचे दुःखही यंत्राचेच असणार, असा हा दुष्ट विनोद आहे आणि तो अजून सांगितला जातो.

संशयाचे ते पुस्तक, म्हणजे त्याची चिंतने, मुलगी गेली त्याच्या दोन महिन्यांनंतर मेर्सेन या पॅरिसमधल्या मित्राकडे रवाना झाले. पहिल्या चिंतनात तो पायरी पायरीने खाली उतरतो. इंद्रिये कधी कधी फसवतात. दुरून गोल दिसलेला बुरूज जवळून चौकोनी निघतो. ठीक, पण आपण शेगडीजवळ बसलो आहोत, अंगात झगा आहे, हातात कागद आहे, यावर शंका कशी घ्यायची? तर स्वप्नातही नेमके असेच वाटते. बरे, स्वप्न असले तरी दोन आणि तीन पाच होतातच ना? इथे तो शेवटचा घाव घालतो. समजा, एक अत्यंत समर्थ आणि कपटी शक्ती आहे, जिने आपली सगळी ताकद फसवण्यातच लावली आहे. आकाश, जमीन, रंग, आवाज हा सगळा तिने मांडलेला पट आहे. हात नाहीत, डोळे नाहीत, रक्तमांस नाही. असल्याचा नुसता भास आहे. मग काय उरते? फसवला जाणारा उरतो. शंका घेण्यासाठी सुद्धा कुणीतरी असावे लागते. विचार चालू आहे तोवर विचार करणारा आहे. एवढ्या खुंटीला धरून तो वर येऊ लागतो.

वर येण्याचा जिना मात्र खाली जाण्याइतका भक्कम नाही. ईश्वर आहे, तो पूर्ण चांगला आहे, म्हणून तो आपल्याला कायमचे फसवणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. स्पष्ट कळणाऱ्या गोष्टी खऱ्या, कारण ईश्वर आहे. आणि ईश्वर आहे, कारण ते स्पष्ट कळते. या गोल फेऱ्यावर आर्नो या तरुण धर्मशास्त्र्याने लगेच बोट ठेवले. हॉब्ज आणि गासांदी यांनीही हल्ले चढवले. देकार्तने या सर्वांचे आक्षेप आणि आपली उत्तरे पुस्तकाबरोबरच छापली. पण खरे सांगायचे तर रोग औषधाला भारी पडला. आज लोकांना आठवतो तो कपटी मायावी. त्याच्यावरचा उतारा कुणाला आठवत नाही. १९८१ मध्ये हिलरी पटनम या अमेरिकी तत्त्वज्ञाने द्रवपात्रात ठेवलेल्या आणि तारांनी संगणकाला जोडलेल्या मेंदूची चर्चा केली, १९९९ मध्ये मेट्रिक्स हा चित्रपट आला. दोन्हीकडे मायावी तोच, फक्त साधने नवी.

शेवटच्या चिंतनात देकार्त स्वप्न आणि जाग ओळखण्याची एक घरगुती कसोटी देतो, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. जागेपणीच्या गोष्टी एकमेकींना आणि उरलेल्या आयुष्याला जोडता येतात. स्वप्नातल्या जोडता येत नाहीत. समोर अचानक कुणी प्रकटले आणि कुठून आले, कुठे गेले ते न कळता नाहीसे झाले, तर तो माणूस नव्हे असे मानायला हरकत नाही. शिवाय हा संशय आयुष्यात एकदा, सवड काढून, घरात बसून करायचा व्यायाम आहे, रोज जगताना वापरायचा नाही, असेही त्याने बजावले होते.

हे बजावणे महत्त्वाचे आहे, कारण काही जणांना हा संशय निवडता येत नाही. तो येऊन आदळतो. भोवतालचे सगळे काचेपलीकडे असल्यासारखे, सपाट, नाटकाच्या पडद्यासारखे वाटू लागते; घरची माणसेही ओळखीची असून परकी वाटतात. मनोविकारशास्त्रात याला डीरिअलायझेशन म्हणतात. जागरण, अतिताण, भीतीचा झटका, गांजा यांनंतर काही मिनिटे किंवा तास असे वाटणे पुष्कळांच्या वाट्याला येते आणि आपोआप जाते. शंभरात एक-दोन जणांत ते टिकून राहते किंवा पुन्हा पुन्हा येते, आणि तेव्हा मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. यात रुग्णाला कळत असते की जग खरेच आहे, बिघाड जाणवण्यात आहे. वेड लागत चालले आहे या भीतीने तो कुणाजवळ बोलत नाही, आणि गप्प राहिल्याने भीती वाढते.

भ्रमविकार याहून वेगळा. तिथे शंका उरतच नाही, खात्री असते. देकार्तनेच पहिल्या चिंतनात आपले शरीर काचेचे आहे असे मानणाऱ्या वेड्यांचा उल्लेख केला आहे. ही अतिशयोक्ती नव्हती; त्या शतकांत युरोपात असे रुग्ण खरोखर होते, आणि फ्रान्सचा सहावा चार्ल्स हा राजा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. आता काचेची माणसे क्वचितच भेटतात. त्यांच्या जागी न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ जोएल गोल्ड यांच्याकडे वेगळे रुग्ण आले: आपल्या आयुष्याचे चोवीस तास चित्रीकरण चालू आहे, नातेवाईक पगारी नट आहेत, अशी त्यांची खात्री होती. १९९८ च्या ट्रूमन शो या चित्रपटावरून गोल्ड यांनी या भ्रमाला नाव दिले. आजार जुनाच, त्याने पोशाख त्या त्या काळाचा चढवला. अशा माणसाशी पुराव्यांचा वाद घालून उपयोग होत नाही, कारण प्रत्येक पुरावा त्याला नेपथ्याचाच भाग वाटतो. लवकर उपचार सुरू होणे, हेच त्याच्या हिताचे.

देकार्तला फसवणुकीचा सर्वांत चांगला नमुना तत्त्वज्ञानात नव्हे, रुग्णशय्येवर सापडला. हाताला मोठी जखम झालेल्या एका मुलीची हकीकत त्याने लिहिली आहे. ती घाबरू नये म्हणून डॉक्टर आले की तिचे डोळे बांधत. हात सडू लागल्याने तो कोपरापर्यंत कापावा लागला आणि कळू नये म्हणून त्या जागी कापडाच्या घड्या बांधल्या. ती मात्र कधी या बोटात, कधी त्या बोटात दुखते म्हणून सांगत राहिली. बोटे नव्हतीच. देकार्तने लावलेला अर्थ असा: बोटापासून मेंदूपर्यंत दोरी गेली आहे, ती मध्येच कुठे ओढली तरी वरची घंटा तशीच वाजते, आणि मेंदू समजतो की बोटाने बोलावले. दुखणे बोटात नाही, मेंदूत घडते. युद्धात हातपाय गमावलेल्यांच्या अशा तक्रारी आंब्रवाझ पारे या शल्यविशारदाने शतकभर आधी नोंदवल्या होत्या. नसलेल्या अवयवाला भुताटकीचा अवयव हे नाव मात्र १८७१ मध्ये सायलस वीअर मिचेल यांनी दिले. १९९० च्या दशकात भारतीय वंशाचे मेंदूतज्ज्ञ विलयानूर रामचंद्रन यांनी उभा आरसा ठेवलेली साधी पेटी वापरली. धडधाकट हात आरशात दिसतो, तोच गेलेल्या हाताच्या जागी आहे असे डोळ्यांना वाटते, आणि आवळलेली अदृश्य मूठ काही जणांना सैल करता येते. सगळ्यांना याचा गुण येत नाही. पण ज्यांना येतो, त्यांच्यावर उपचार झाला तो मुद्दाम रचलेल्या देखाव्याने.

या सगळ्या तारा आत्म्यापाशी कुठे पोचतात, याचे उत्तर देताना देकार्त घसरला. मेंदूतले बहुतेक भाग जोडीने आहेत; वाटाण्याएवढी पिनियल ग्रंथी एकटी, मधोमध. दोन डोळ्यांनी पाहूनही वस्तू एकच दिसते, म्हणजे दोन्ही खुणा इथेच एकत्र येत असणार, असे त्याने ठरवले. त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांत निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाने हे वर्णन प्रत्यक्ष रचनेशी जुळत नाही असे दाखवून दिले. १९५८ मध्ये ॲरन लर्नर यांनी या ग्रंथीतून येणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळे काढले. रात्र झाल्याची वर्दी ते शरीराला देते.

त्याला सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो एका निर्वासित राजकन्येने. बोहेमियाची एलिझाबेथ वडिलांचे राज्य गेल्याने हॉलंडमध्ये वाढत होती. १६४३ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, तिने पत्राने विचारले की आत्म्याला आकार नाही, वजन नाही, तर तो शरीर हलवतो कसा? देकार्तने पुष्कळ लिहिले, पण तिचे समाधान झाले नाही. ते आजही कुणाचे झालेले नाही. १६४५ मध्ये तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला जडला. तेव्हा त्याने नाटकाचाच दाखला दिला. सगळे सुख पायाशी असलेला माणूस जर रोज शोकांतिका पाहत बसला, तर त्या खोट्या आहेत हे पुरते ठाऊक असूनही त्याचे काळीज आक्रसेल, श्वास जड होईल आणि शरीर बिघडेल. उलट खरी दुःखे असलेला माणूस मन दुसरीकडे वळवू शकला तर तब्येत सावरेल. आईकडून आल्याचे समजत असलेला आपला खोकला असाच गेला, हे त्याने याच पत्रात सांगितले. रक्ताच्या गतीचे त्याचे स्पष्टीकरण आज मान्य होणार नाही, पण खोटे आहे हे कळूनही शरीर खऱ्यासारखे वागते, हे निरीक्षण पक्के आहे. एलिझाबेथने मात्र कळवले की दुःखाला अशी आज्ञा देता येत नाही. तिच्या घरावर एकामागून एक संकटे येत होती. १६४९ मध्ये तिच्या सख्ख्या मामाचा, इंग्लंडच्या राजाचा, शिरच्छेद झाला.

स्वतःच्या आरोग्याविषयी देकार्तला दांडगा विश्वास होता. मापात खाणे, पुरेशी झोप, मन प्रसन्न, एवढ्यावर शंभरी गाठता येईल असे त्याला वाटे. १६४७ मध्ये पॅरिसला आजारी पास्कलची भेट झाली तेव्हा त्यालाही सकाळी अंथरुणात पडून राहा आणि सूप पी, असा सल्ला मिळाला. मग स्वीडनच्या ख्रिस्तिना राणीचे बोलावणे आले. तेवीस वर्षांच्या या राणीला तत्त्वज्ञान शिकायचे होते. तो ऑक्टोबर १६४९ मध्ये स्टॉकहोमला पोचला आणि फ्रेंच राजदूत शान्यू याच्या घरी उतरला. जानेवारीत शिकवण्या सुरू झाल्या. वेळ पहाटे पाचची.

आधी शान्यूला न्यूमोनिया झाला. देकार्तने त्याची शुश्रूषा केली. तो उठला आणि फेब्रुवारीच्या आरंभी देकार्त आडवा झाला. राणीने पाठवलेल्या डॉक्टरला त्याने बरेच दिवस शीर तोडून रक्त काढू दिले नाही. काढू दिले तेव्हा उशीर झाला होता, आणि लवकर काढू दिले असते तरी त्याने फायदा झाला नसताच. ११ फेब्रुवारी १६५० च्या पहाटे तो गेला. वय त्रेपन्न. अँटवर्पच्या एका वृत्तपत्राने बातमी दिली की हवे तितके जगता येते म्हणणारा एक मूर्ख स्वीडनमध्ये मेला.

१६६६ मध्ये अवशेष फ्रान्सला नेण्यासाठी थडगे उकरले गेले. राजदूताने उजव्या तर्जनीचे हाड आठवण म्हणून मागून घेतले. उरलेली हाडे बऱ्याच फेऱ्यांनंतर १८१९ मध्ये पॅरिसच्या सां-जेर्मँ-दे-प्रे चर्चमध्ये विसावली, पण पेटीत कवटी नव्हती. दोन वर्षांनी बर्झेलिअस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने स्टॉकहोमच्या लिलावात विकली गेलेली एक कवटी मिळवली आणि पॅरिसला कुव्हिएकडे पाठवून दिली. तिच्यावर आधीच्या मालकांची नावे आणि एक लॅटिन कविता शाईने लिहिलेली आहे. अलीकडे तिचा सीटी स्कॅनही झाला; त्यात नाकालगतच्या पोकळीत हाडाची एक साधी गाठ आढळली. कवटी पॅरिसच्या मानव संग्रहालयात आहे. ती त्याचीच आहे असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.